तळ्यातल्या मैदानावरचा पाव्हणा

पाव्हण्याला सोलापूरकडच्या आमच्या वाशी गावात चालताना कोणी पाहिले नाही. तो पळायचा. पहाटे दूध गोळा करणाऱ्या सायकलींबरोबर निघायचा आणि कॅन भरले की त्यांच्याबरोबरच परतायचा. चढावर सायकलवाला उतरून सायकल ढकलू लागला की पाव्हणा मागून एक हात लावायचा, पाय मात्र थांबू द्यायचा नाही. त्याने सोनारीच्या काळभैरवाला नवस बोलला असावा, अशी पहिल्या आठवड्यात लोकांची समजूत झाली. दोन बायकांनी वाटेत त्याच्या हातावर गूळखोबरे ठेवले. त्याने ते खाल्ले आणि पुढे पळाला.

त्याचे नाव इमॅन्युएल, वय एकवीस, देश टांझानिया. तिकडच्या एका कॉफी सहकारी संस्थेने त्याला सहकार शिकायला पुण्याला पाठवले होते, आणि पुण्याहून तो चार महिन्यांच्या प्रत्यक्ष कामासाठी आमच्या दूध शीतकरण केंद्रावर आला होता. ऐंशीनंतरचे एक दुष्काळी वर्ष होते. चाऱ्याअभावी दूध निम्म्यावर आलेले, त्यामुळे केंद्रावरचे काम दुपारच्या आत संपे. मी तेव्हा एका दैनिकाचा वाशीचा वार्ताहर होतो. बातमीसाठी त्याला भेटलो, तर तो सहकारावर दोन वाक्ये बोलला आणि उरलेला तासभर फुटबॉलवर.

पुण्यात त्याच्या ओळखीचे एक बेल्जियन फादर होते. त्यांचा भाऊ बेल्जियममधल्या एका छोट्या क्लबाचा प्रशिक्षक होता. फादर एकदा पाव्हण्याचा खेळ पाहणार होते आणि पसंत पडला तर भावाला कळवणार होते. उन्हाळा संपला की त्याला मायदेशी परतायचे होते. तिथे वडिलांच्या हाताखालची कॉफीची नोकरी ठरलेली होती. दूधवाल्यांकडून उचललेल्या मराठीत तो म्हणाला, "एकच मॅच पायजे. पर अकरा माणसं कुठनं आणू म्या?"

माणसे भीमरावाने आणली. भीमराव केंद्रावरचा मशीन ऑपरेटर आणि तालुक्यातला नावाजलेला कबड्डीपटू. त्याने अर्धा संघ कबड्डीतून उचलला, अर्धा तालमीतून. गावचे तळे कोरडे ठाक पडले होते. त्याचा तळ सपाट आणि कडक होता, तिथेच मैदान आखले. पहिल्याच दिवशी पाव्हणा चेंडू घेऊन आला तेव्हा भीमरावाने सवयीने त्याचे दोन्ही घोटे धरले आणि बाकीचे तिघे वर पडले. खालून पाव्हणा हसत म्हणाला, "भीमराव, पाय सोड. बॉल कवाच गेला." दुसऱ्या दिवसापासून भीमराव गोलरक्षक झाला, कारण तिथे हात चालतात.

पाव्हणा कधी कोणावर रागावला नाही. एखाद्याने चेंडू थेट बांधावर मारला तरी तो टाळी वाजवायचा. "लई बेस," म्हणायचा, "आता दुसरीकडं मार."

तालमीचे वस्ताद गणपतअण्णा यांना हा खेळ मंजूर नव्हता. देवाने हात दिलेले असताना माणसाने चेंडूला लाथा का घालाव्यात, असा त्यांचा प्रश्न होता. तरी रोज संध्याकाळी ते बांधावर येऊन बसत. तालमीतली पोरे करतात तसे पाव्हणा खेळापूर्वी त्यांच्या पाया पडायचा. महिन्याभरात अण्णांच्या घरून त्याला दुधाचा तांब्या सुरू झाला.

सामना सोलापूरच्या एका संघाशी ठरला. बांधावर गाव लोटले होते. फादर छत्रीखाली खुर्चीवर बसले. खेळ सुरू होऊन थोडा वेळ होतो तोच पाव्हण्याने गोल केला. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. अण्णांनी हात वर केला आणि हलगी कडाडली. लोक मैदानात उतरले, पाव्हण्याला फेटा बांधला गेला. आमच्याच संघातल्या तिघा पैलवानांनी त्याला खांद्यावर घेतले आणि मिरवणूक मारुतीच्या देवळाकडे निघाली. पाव्हणा वरून काही सांगत होता. लोकांना तो विनय वाटला.

पंचांनी वाट पाहिली आणि शिट्टी वाजवली. मैदानात आमचे सात उरले होते. कबड्डीची सवय असल्याने सात जणांना काही कमी आहे असे वाटलेच नाही. सोलापूरने दोन गोल केले. फादरनी मला विचारले की, ज्याला पाहायला आलो तो मुलगा कुठे आहे. मी सायकल काढली.

मिरवणूक बाजारपेठेत गाठली. सामना अजून बराच बाकी आहे, हे अण्णांना पटेना.

"समोरचा एकदा पडला का न्हाय?"

"पडला, अण्णा. पण तासभर खेळ राहिलाय."

अण्णांनी वर पाहिले. "मग पाव्हणं, तुमी बोलला का न्हाय?"

"अण्णा, तळ्यापासनं त्येच बोलतोय म्या."

तो उतरू लागला तर अण्णांनी त्याला दटावले. पाय राखा, म्हणाले. मग सगळी मिरवणूक त्याला खांद्यावर घेऊनच पळत तळ्यात परतली.

पंचांनी फेटा काढायला लावला. पाव्हण्याने बरोबरी साधली तेव्हा बांधावरच्या सगळ्यांनी अण्णांकडे पाहिले, आणि अण्णांनी पंचांकडे. कोणी हलले नाही. शेवटी शेवटी पाव्हण्यासमोर फक्त गोलरक्षक होता आणि त्याच्यामागे फादरची खुर्ची. डावीकडून, मघाशी त्याला खांद्यावर वाहणारा एक पैलवान धापा टाकत आला होता. पाव्हण्याने चेंडू त्याला दिला. पैलवानाने डोळे मिटून मारला आणि गोल झाला.

फादर जीपमध्ये बसताना एवढेच म्हणाले की भावाला आजच लिहितो.

फादरच्या भावाचे बोलावणे आले आणि निघताना एसटी स्टँडवर पाव्हण्याने अण्णांचे पाय धरले. अण्णांनी त्याला तिकडच्या थंडीत अंगाला तेल लावायला सांगितले. पुढे तो बेल्जियममध्ये दोन क्लबांकडून बरीच वर्षे खेळला. फार गाजला नाही, पण संघातली जागा त्याने सोडली नाही.

दोन वर्षांचा पहिला करार झाल्याची तार केंद्रावर आली, तेव्हा अण्णांनी एकच चौकशी केली. त्याला तिथे खायला काय घालतात? कोणालाच माहीत नव्हते. अण्णा उठले, भट्टीवरून ताजा खवा फडक्यात बांधून घेतला आणि भीमरावाला, मला घेऊन तो बेल्जियमला धाडायला पोस्टात गेले. तो मुंबईच्या पुढेही टिकणार नाही, हे पोस्टमास्तरांनी त्यांना बराच वेळ समजावले.

अण्णा खवा घेऊन बाहेर आले. मग पोस्टाच्या पायरीवर बसून त्यांनी फडके सोडले आणि भीमरावाला, मला जवळ बोलावले.

"त्याच्या वाटचं आपुन खाऊ," ते म्हणाले. "पळायचं तेवढं त्यो पळंल."

खिडकी बंद करून पोस्टमास्तरही बाहेर आले.