पितृपंधरवड्यातलं बुकिंग

सहा वर्षांत आम्ही पाच भाड्याची घरं बदलली. अकरा महिन्यांचा करार संपत आला की घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरायचं आणि त्यांना जागा हवी असायची. एकांच्या मुलाचं तर दोनदा ठरलं. मी शाळेत मुलांना 'माझे घर' हा निबंध घालायचे आणि घरी येऊन खोकी बांधायचे. पाचव्यांदा सामान लावताना मी नवऱ्याला सांगितलं, आता खोकी बांधायची ती स्वतःच्या घरात जाताना.

भाव ऐकत ऐकत आम्ही स्वारगेटपासून मागे सरकत लोणी काळभोरला टेकलो. तिथे एका शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीवर इमारत बांधायला घेतली होती. चौथ्या मजल्यावरचा छोटासा फ्लॅट मला आवडला, पण किंमत झेपणारी नव्हती. मी दर रविवारी जाऊन घासाघीस करत राहिले. भाद्रपदात त्या शेतकऱ्याचाच फोन आला.

"ताई, पितरांचं दिस हायेत, कुत्रं फिरकत न्हाई हिकडं. आवसंच्या आत बुकिंग करा, तीन लाख सोडतो. घट बसलं की जुनाच भाव."

तीन लाख सुटले तर बँकेचं कर्ज आम्हाला झेपत होतं, नाही तर विषय संपला. पण सुरुवातीची रक्कम सासऱ्यांच्या फंडातून जाणार होती आणि तो होता सासूबाईंच्या नावावर. सासरे खडकीला कारखान्यात होते. जन्म क्वार्टरमध्ये गेला, निवृत्त झाल्यावर ते सोडावं लागलं आणि शेवटचा श्वास त्यांनी भाड्याच्या घरात घेतला.

"पितृपंधरवड्यात लोक चप्पलसुद्धा घेत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "आणि तू घर घ्यायला निघालीस."

"म्हणूनच परवडतंय, आई."

त्यांनी पेपर डोळ्यांसमोर धरला. मी मात्र सोडणार नव्हते. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, दिवसातून दोनदा तरी विषय काढत राहिले. नवरा दोघींच्या मधे बसून मुकाट्याने जेवायचा.

अष्टमीला सासऱ्यांचं श्राद्ध होतं. गच्चीच्या कठड्यावर पान ठेवून आम्ही तिघं कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. या पंधरवड्यात पुण्यातल्या कावळ्यांना घरोघरी खीर-वडे असतात, त्यामुळे ते भाव खातात. अर्धा तास झाला तरी एकही फिरकला नाही. ऊन तापलं होतं. मला सासूबाईंचा राग येत होता आणि इतकी वर्षं नोकरी करूनही त्यांच्यापुढे हात पसरावा लागतोय याचा त्याहून जास्त.

"गेल्या वर्षी पान कुठे ठेवलं होतं गं?" त्यांनी अचानक विचारलं.

"आधीच्या घरी. तिथल्या गच्चीवर."

"आणि त्याच्या आदल्या वर्षी?"

"त्याच्या आधीच्या."

त्यांनी समोरच्या रिकाम्या तारेकडे बघितलं. "दरवर्षी बोलवायचं आणि दरवर्षी घर दुसरंच," त्या म्हणाल्या. "माणसाने शोधायचं तरी कुठे?" मग डोळे पुसून त्या खाली गेल्या. मी मागोमाग उतरले तेव्हा त्या डब्यात खीर आणि वडे भरत होत्या. चेकबुक ओट्यावर काढून ठेवलेलं होतं.

दुपारी आम्ही स्वारगेटहून बस धरली. अष्टमीला बुकिंग करायला आलेलं कुटुंब बघून शेतकरी चाटच पडला. "आजी, आज चालंल न्हवं?" त्याने विचारलं.

"आजच चालेल," म्हणत सासूबाईंनी सही केली.

इमारतीला अजून लिफ्ट नव्हती. दुखऱ्या गुडघ्यांनी त्या जिन्याने चार मजले चढल्या. दोनदा थांबल्या, पण माझा हात धरला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीला चौकट बसायची होती. तिथल्या कोऱ्या सिमेंटवर त्यांनी डबा उघडून ठेवला, पदर सावरला आणि बाहेर बघून मोठ्याने म्हणाल्या, "अहो, पुढच्या वर्षीपासून इथे या."