दारात ठेवून जा

वसमतच्या मुलींच्या वसतिगृहात पद्माबाईने उभा जन्म भाकरी थापल्या. अशी बाई निवृत्त झाल्यावर मोबाइलवरून अर्धी राइस प्लेट मागवते म्हटल्यावर गल्लीने तोंडात बोटं घातली. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला, रत्नपालला, तिने सांगून टाकलं होतं, "हात भरून येतात रे, सैपाक होत न्हाई." धादांत खोटं! हात ठणठणीत होते. पण नवरा गेल्यापासून तिच्या दारात फिरकणारं माणूस एकच, ॲपवाला प्रेमसिंग. तो जेवण हातात द्यायचा आणि विचारायचा, "मावशी, बरं हाय ना?" तेवढ्यासाठी बाई रोज हॉटेलचं पाणचट वरण गिळायची.

रत्नपालला आईची सोय बघायची भारी हौस. सुट्टीला आला आणि परत जाताना ॲपमध्ये कायमची सूचना टाकून गेला: दारात ठेवून जा, बेल वाजवू नका. आईला उठायची तकलीफ नको! पोरगं एवढ्या मायेनं करतंय म्हटल्यावर पद्माबाईला नाही म्हणवेना.

तो गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, जेवण मागवून झाल्यावर, न्हाणीत तिचा पाय घसरला. कंबरेत अशी कळ गेली की जागचं हलता येईना. दाराला आतून कडी. मोबाइल पलंगावर. शेजारचे जवळा बाजार या गावी लग्नाला गेलेले. ओरडायला गेली की कंबरेत कळ उठे, आवाज दारापर्यंत पोचेना. प्रेमसिंग येणार होता, पण पिशवी ठेवून निघून जाणार होता. मग उद्यापर्यंत कोण येतंय?

गाडी आली, थांबली. पावलं दारापाशी आली. पद्माबाईने हाताला लागलेला तांब्या फरशीवर आपटला. बसल्या जागेवरून आपटून आपटून किती जोर लागणार! बाहेर सामसूम. गेला वाटतं.

प्रेमसिंग गेला नव्हता. सूचना त्याने वाचली होती, पण अन्न भुईवर ठेवायला त्याचा हात धजेना. त्याच्या तांड्यावर माणसाला भाकर हातात देतात, भुईवर टाकतात ती कुत्र्याला. पिशवी धरून बिचारा घुटमळत उभा राहिला. शेवटी त्याने हाक मारलीच.

"मावशी, ठेवून जा म्हणून लिवलंय, पण मला बराबर वाटंना. हातात घ्या."

तांब्या पुन्हा वाजला. या खेपेला त्याने ऐकलं. खांद्याने धडका देऊन त्याने कडी उचकटली.

दुसऱ्या दिवशी रत्नपाल दवाखान्यात धावत आला. खाटेशी बसून म्हणाला, "आई, आता ते ॲप बंद. सैपाकाला बाई लावू."

"सैपाक येतो मला. हात धडधाकट हायेत माझे. दारात कुणी तरी यावं म्हणून मागवत होते मी."

"मग मला काहून न्हाई सांगितलं?"

पद्माबाईने तोंड भिंतीकडे वळवलं.

"तू रोज फोनवर इचारतोस, जेवण आलं का. आलं, म्हणते मी. मग तू ठेवून देतोस."