दादा इंजिन रूममध्ये नव्हते

माझे वडील, म्हणजे दादा, नौदलाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. एवढं एक वाक्य चारचौघांत बोलायला मला एकवीस वर्षं लागली.

लहानपणी ते सुट्टीवर सेलूला यायचे, तेव्हा पहिला दिवस इस्त्रीचा असायचा. आईच्या साड्या, माझी खाकी चड्डी, बहिणीच्या रिबिनीसुद्धा.

"रिबिनीला कोन इस्त्री करतंय?" आई म्हणायची.

"जहाजावर करतेत."

"जहाजावर रिबिनी कोन घालतंय?"

दुसऱ्या दिवसापासून मात्र घरात सूर असायचा. सकाळी आंघोळ करून ते मागच्या अंगणात शेजारच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. आधी बराच वेळ एकच सूर, छातीतला वारा संपेपर्यंत लांबवलेला. मी गोधडीत पडून तो कधी तुटतो याची वाट बघायचो. मग सुरावटी. आणि शेवटी आईच्या आवडीची एक चाल, तिच्या भाकरी थापण्याच्या ठेक्यावर. आईचा हात थांबला की तेही थांबायचे आणि खिडकीतून आत बघायचे. निवृत्तीनंतरही हा क्रम मोडला नाही. त्या घरात मी वाढलो, हे किती मोठं होतं ते तेव्हा कळलं नाही.

माझ्या मनात काटा शिरला तो कॉलेजात. आमच्या आजोबांच्या पिढीनं बुद्धाचा धम्म घेतला तेव्हा गावकीची कामं सोडली. दुसऱ्याच्या दारात वाजवायला जाणं हेही त्यातच सुटलं. दादा बँडमध्ये होते हे कुणाकडून तरी ऐकून वर्गातला एक जण सहज म्हणाला, "म्हंजे वाजंत्रीच की. फिरून तिथंच आले." सगळे हसले. मीही हसलो.

घरी येऊन दादांना सांगितलं. ते क्लॅरिनेट पुसत होते. म्हणाले, "तुझ्या आज्याला वाजवायला बोलवायचे आन् बाहेर उभं करायचे. मला बसायला खुर्ची होती. समोर सुरांचा कागद होता, तो मी शिकून वाचायचो." मला पटलं. पण काटा निघाला नाही.

पुढं मला कॉलेजातच लिपिकाची नोकरी लागली आणि लग्नाची बोलणी करायला आम्ही पूर्णेला गेलो. मुलीचे वडील रेल्वेत इंजिनांच्या दुरुस्तीवर होते. पोहे झाले, शेतीचं झालं, आणि त्यांनी मला विचारलं, "वडील नेव्हीत कशावर होते?"

"इंजिन रूमला," मी म्हणालो.

दादांचा चमचा वाटेतच थांबला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. चमचा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "हो. खाली लय गरम व्हायचं."

परतीच्या पॅसेंजरमध्ये परभणी गेलं, मानवत रोड गेलं, ते खिडकीबाहेर बघत राहिले. सेलू जवळ आल्यावर एवढंच बोलले, "आता मला शिकावं लागंल."

आणि ते शिकले. शेजारचा पोरगा आयटीआयला होता, त्याची पुस्तकं मागून आणली. साठीच्या माणसानं वही घेऊन पिस्टनची चित्रं काढली. पूर्णेचे पाहुणे येणार कळलं की क्लॅरिनेटची पेटी पत्र्याच्या ट्रंकेमागं जायची. मामा, म्हणजे माझे सासरे, आले की दोघे ओट्यावर बसून तासन्‌तास इंजिनं बोलायचे. मी चहा नेऊन द्यायचो आणि तिथं थांबायचो नाही.

बायकोला तर आठ दिवसांतच कळलं होतं. ती म्हणाली, "बाबांना सांगून टाका. काय हुतंय?" मी म्हणालो, सांगतो. दरवर्षी म्हणालो. दादांनी मात्र मला एकदाही टोचलं नाही. "सांग" म्हणाले नाहीत, "का" विचारलं नाही. माझ्या मुलीच्या रिबिनींनाही त्यांनी तशीच इस्त्री केली.

गेल्या थंडीत दादा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वंदना झाली, दोन-चार जण बोलले. मग मामा उठले. आता इंजिन रूम येणार आणि दादा कायमचे तिथंच राहणार.

"आमचे इवाई लय शांत मानूस," मामा म्हणाले. "जहाजावर ते काय करायचे, ते त्यांचा लेक सांगंल." आणि माइक माझ्या हातात दिला.

मी फोटोकडं पाहिलं. "दादा बँडमध्ये होते," मी म्हणालो. "क्लॅरिनेट वाजवायचे. लय चांगलं वाजवायचे. मला लाज वाटली म्हणून मी खोटं सांगितलं, आणि ते माझ्यासाठी शेवटपर्यंत तसंच वागले." मी माइक खाली धरला. एका म्हातारबाबांनी हात धरून मला खाली बसवलं.

जेवणं झाल्यावर मी मामांपुढं जाऊन उभा राहिलो.

"मामा, माफ करा."

"मला दुसऱ्याच वर्साला कळलं व्हतं. लेकीनं सांगितलं."

"मग तुमी बोलला का न्हाई?"

"जावयाला खोटं पाडू व्हय? इवाईबी तुमच्यासाठीच गप. म्हनलं तुमी सांगसाल, मग वाजवा म्हनीन." त्यांनी चष्मा काढून पुसला. "इंजिनाचं मात्र खरंच शिकले बरं का. माझ्या दोन चुका काढल्या व्हत्या त्यांनी."

मला हसू आलं आणि डोळेही भरले. दोन म्हातारी माणसं माझी अब्रू राखत वीस वर्षं ओट्यावर बसली होती. आणि त्यापायी मामांना दादांचा एकही सूर ऐकायला मिळाला नव्हता. ते आता भरून येणार नाही.

आईनं ट्रंकेमागची पेटी काढून आणली. मामांनी चष्मा लावला आणि एकेक तुकडा उजेडात धरून पाहिला. चाव्या दाबल्या, सोडल्या. कोपऱ्यातली तेलाची बारीक बाटली हुंगली.

"कुठं गंज न्हाई," ते म्हणाले. "याचा आवाज कसा हाय, जावई?"

मला सांगता येईना. तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या आईनं घसा साफ केला आणि ती चाल हळू गुणगुणायला लागली. उजव्या हातानं मांडीवर ठेका धरला होता, भाकरीचाच.

मामांनी पेटी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. चाल संपल्यावर म्हणाले, "इहिनबाई, अजून एकदा."

या वेळी मीही आईबरोबर गुणगुणलो. सगळी चाल मला येत होती.