प्रोफेसरांचा फुगलेला कॅन

प्रोफेसर कधीच प्रोफेसर नव्हते. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या आणि शिक्षकांच्या मागे उभं राहून नाकं मुरडली, एवढंच. ती पदवी गल्लीनं चेष्टेनं दिली होती. त्यांनी ती मनावर घेतली. निवृत्त झाल्यावर मागच्या गॅलरीत टेबल मांडलं आणि जुन्या स्विचांमधून चांदी काढायचा उद्योग सुरू केला. दीड वर्षात निघाली वाटाण्याएवढी एक गोळी, तीही काळपट. पण आल्यागेल्याला ती भिंगाखाली दाखवताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की बायकोला हसावं की कपाळावर हात मारावा ते कळत नसे.

चांदीपेक्षा उरलंसुरलंच जास्त. हिरवं पाणी, तपकिरी गाळ, अ‍ॅसिडात अर्धवट विरघळलेला चुरा. आज हे, उद्या ते, सगळं एकाच प्लास्टिकच्या कॅनमध्ये जायचं. चिठ्ठी नाही, नोंद नाही. वर झाकण मात्र गच्च. शाळेत एकदा सैल राहिलेल्या बुचावरून मुख्याध्यापकांनी चारचौघांत झापलं होतं, तेव्हापासून या माणसानं एक बूच म्हणून सैल ठेवलं नाही. आतून वायू निघाला तर तो जाणार कुठे, हा प्रश्न बाटल्या धुणाऱ्याला कधी पडलाच नव्हता. कॅन गॅलरीच्या कोपऱ्यात, आणि पातळ भिंतीपलीकडे त्यांच्या आईची खाट. म्हातारी नव्वदीची, पाय गेलेले, कान आणि जीभ मात्र शाबूत.

त्या दिवशी सकाळी बायको कपडे वाळत घालायला गेली, तर कॅनचं पोट सुटलेलं. बूडही फुगून तो एका अंगाला कलला होता. तिनं हात न लावता नवऱ्याला बोलावलं. प्रोफेसरांनी दारातूनच नजर टाकली.

"काही होत नाही त्याला. रसायनातलं तुला काय कळतं? अंघोळ करून बघतो."

"अहो, भिंतीला लागून आई झोपल्यात."

ते टॉवेल घेऊन गेलेसुद्धा. वाद घालायला तिला वेळ नव्हता. तिनं समोरच्या शिंप्याला आणि त्याच्या भावाला हाक मारली, सासूबाईंना खुर्चीत बसवून दोघांकरवी कोपऱ्यावरच्या झाडाखाली नेलं आणि अग्निशमन दलाला फोन केला. मग स्नानगृहाचं दार बडवून, बाहेर पडा म्हणून दोनदा सांगितलं. आतून नुसता पाण्याचा आवाज आणि "हो, हो." जवानांनी येऊन दारावर लाथ घातली तेव्हा कुठे स्वारी बनियनवर बाहेर आली.

इमारत रिकामी झाली. सगळी बिऱ्हाडं रस्त्यावर, कुणाच्या हातात पोर, कुणाच्या हातात मांजर. प्रोफेसरांच्या काखेत प्रयोगाची वही होती आणि मुठीत गोळी. जवानांच्या प्रमुखानं विचारलं, कॅनमध्ये नेमकं काय आहे? त्यावर अवलंबून होतं, त्याची माणसं जवळ जाणार कशी.

"तसं थोडं थोडं सगळंच," प्रोफेसर म्हणाले, आणि सांगताना त्यांनी घसा साफ केला, वर्गासमोर उभे असल्यासारखा.

प्रमुखानं डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "घरात आणखी कोणी राहिलंय?"

"आई आहे ना. आतल्या खोलीत. तिला चालता येत नाही."

प्रमुख दाराकडे धावणार तोच बायकोनं त्याला दंडाला धरून थांबवलं आणि झाडाकडे बोट दाखवलं. दहा पावलांवर म्हातारी शाल पांघरून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"वही आणलीस ना रे?" ती म्हणाली. "बरं केलंस."

प्रोफेसर काहीतरी पुटपुटले. बायकोला त्यांची किळस आली, रागसुद्धा नाही, नुसती किळस. तिनं सासूबाईंची शाल नीट केली आणि खुर्ची फिरवली, मुलाकडे पाठ होईल अशी.