हातानं फेकायचं विमान

माझी शेवटची पोस्टिंग उत्तर सीमेवरच्या एका उंच चौकीत होती. मी सुभेदार. झाडं नाहीत, हवा विरळ, समोरच्या कड्यापलीकडे शत्रू. एके दिवशी इंजिनियर शाहीन मॅडम दोन पेट्या घेऊन तिथे आल्या. पेट्यांत त्यांनी स्वतः डिझाइन केलेलं, कॅमेरा बसवलेलं बिनपायलटचं विमान होतं. परदेशातून आणलेली अशी विमानं त्या हवेत टिकत नव्हती. मॅडमनी शेपूट काढून टाकलं होतं आणि पंख लांब केले होते. आपल्याकडे असं आधी कुणी केलं नव्हतं.

"सुभेदार साहेब, गाव कुठलं?"

"वरसे. रोह्याजवळ."

"मग शेजारीच की! मी रोह्याची. अब्बा कुवेतला होते. पहिली विमानं मी धरमतरच्या मिठागरांवर उडवली. निम्मी खाडीत गेली."

हे विमान वाऱ्याच्या तोंडावर धावत जाऊन हातानं फेकावं लागे. ते काम नाईक जनार्दन वाघमारेनं मागून घेतलं. तो नागोठण्याजवळच्या आदिवासी वाडीतला. खांदा मजबूत. पहिल्या दोन चाचण्यांत विमान दगडांवर आपटलं. मॅडम बंकरमध्ये बसून पंख जोडत राहिल्या.

तिसऱ्या सकाळी शत्रूच्या मॉर्टरचा पहिला गोळा लंगरवर, आमच्या स्वयंपाकघरावर, पडला. शिपाई कदम दारात होता. त्याचे बूट तेवढे ओळखता आले. दुसऱ्या गोळ्यानं बंकरचं छत खाली आलं. खाली नाल्यात आमची गस्तीची तुकडी अडकली होती.

रेडिओवर आवाज आला, "हलू शकत नाही. एक जखमी. ओव्हर."

मॉर्टर कड्यामागे होता. दिसल्याशिवाय आमच्या तोफा मारणार कुठे?

मेजर साहेबांनी विचारलं, "मॅडम, उडेल?"

"उडेल. पण उघड्यावर जाऊन फेकावं लागेल."

वाघमारेनं विमान उचललं. "मी जातो, साहेब."

"जा," मेजर साहेब म्हणाले.

तो धावला. पहिल्या फेकीत विमान नाकावर पडलं. तो तसाच मागे वळला, उचललं, पुन्हा धावला. दुसऱ्या फेकीत वाऱ्यानं ते धरलं. त्याच क्षणी त्याच्या मागे गोळा फुटला. मी त्याला पट्ट्याला धरून खंदकात ओढला. पोट फाटलं होतं. मी दोन्ही हातांनी दाबून धरलं, तरी रक्त बोटांतून येत राहिलं.

मॅडम खंदकातच हाताच्या अंतरावर कंट्रोल घेऊन बसल्या होत्या. नजर स्क्रीनवरून हलवता येत नव्हती.

"मॅडम, गेला काय वर?" वाघमारेनं विचारलं.

"गेलं, जनार्दन. छान उडतंय."

"व्हय?"

त्यानंतर तो बोलला नाही.

"दगडी गोठ्यामागे धूर," मॅडम म्हणाल्या. आवाज फाटला होता. त्यांनी आकडे वाचले, मी ते तोफखान्याला दिले. आमच्या तोफांनी तो गोठा आणि त्यामागची माणसं उडवली. गस्तीची तुकडी परत आली. नाल्यातला जखमी शिपाई पवार वाटेतच गेला.

मी निवृत्त होऊन गावी आलो. मॅडम मला घेऊन वाघमारेच्या वाडीवर गेल्या. त्याची बायको सुगंधा वीटभट्टीवरून नुकतीच आली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बाय, हातानंच फेकायला लागतंय? दुसरी तरा नाय?"

"माझ्या डिझाइनमध्ये नव्हती, ताई."

पुढची वर्षं मॅडम त्याच एका गोष्टीवर लागल्या. पंख मिटणारे केले, विमान नळीत बसवलं. आता जवान खंदकात बसून बटण दाबतो.

धरमतरला त्याची चाचणी झाली तेव्हा त्यांनी सुगंधाला बोलावलं. नळीतून विमान सुटलं, पंख उघडले आणि ते खाडीवर चढलं. सुगंधा ते दिसेनासं होईपर्यंत बघत होती.

"तिकडं कुनाला भाईर जायला लागत नाय ना?"

"नाही, ताई."

"मंग बेस झाला," ती म्हणाली आणि बांधावर बसून पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मॅडम तिच्याजवळ बसल्या. मी टोपी काढून उभा राहिलो.

शिपाई कदम. शिपाई पवार. नाईक जनार्दन वाघमारे.