ओव्हरमध्ये न सांगितलेलं

सुलोचनाताई गेल्याचं मला भाट्याच्या पुलावर कळलं. सकाळची ड्युटी संपवून, बाजार करून घरी निघाले होते. खाडीवर ऊन पेंगत होतं... फोन ठेवला आणि किती वेळ कठड्याला टेकून उभी राहिले, देव जाणे.

ताई आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर, मालगुंडच्या. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती द्यायची, त्याला आम्ही ओव्हर म्हणतो. बीपी, सलाईन, औषधं सांगून झाली की ताईंचं एक वाक्य जास्तीचं असायचं. "तीन नंबरच्या आजोबांना ऑपरेशनचं भय नाय, घरी म्हशीला पाणी कोण दाखवील याची काळजी." मग आमच्याकडे वळून, "आणि तुझं काय गो?" मी सलाईन तीनतीनदा तपासणारी, छातीत धडधड आणि तोंडावर हसू. "काही नाही ताई," म्हणायची. "हो, तू तर जन्माचीच शूर," त्या चिडवायच्या.

पुढे त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर त्या स्वतः पेशंट म्हणून आल्या. पडदा हलायचा, समुद्राचा वास यायचा, आणि अर्धवट झोपेत ताई कधीच घरी गेलेल्या पेशंटना नावानं हाका मारत राउंड घ्यायच्या... मलाही वाटायचं, आत्ता उठतील आणि चादर नीट घालायला लावतील. शेवटच्या दुपारी त्यांनी माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत भय होतं. मला ते दिसलं. तरी दुपारच्या ड्युटीला आलेल्या नव्या सिस्टरला, रेश्माला, ओव्हर देताना मी बीपी सांगितलं, सलाईन सांगितलं आणि गप्प बसले. ताई घाबरल्यात हे कालच्या पोरीला कसं सांगायचं? म्हटलं, त्यांचा मान राखावा. कसला मान! भीती माझीच होती.

त्या एकट्या घाबरत गेल्या, हे महिनाभर मनाला कुरतडत राहिलं. परवा न राहवून रेश्माला सगळं सांगितलं.

"अहो सिस्टर, तुम्ही गेल्यावर ताईंनी स्वतःच ओव्हर दिली की मला. म्हणाल्या, भय वाटतंय गो, खुर्ची ओढ नि बस. शेवटपर्यंत हात धरून बसले होते मी." मग हळूच म्हणाली, "तुमचीपण दिली. म्हणाल्या, ती हसत गेली ना, ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलीय. तिला विचारत जा."

"मग विचारलं का नाहीस?"

"भीती वाटली."

खिडकीजवळची खाट त्या दिवशी रिकामी होती. आम्ही दोघी तिच्यावर टेकलो. माझे डोळे वाहत होते आणि या वेळी मी ते पुसले नाहीत.

"विचार की मग आता," मी म्हटलं.