तार घातलेलं मडगार्ड

माजलगावात माझं डेंटिंगचं दुकान आहे. गाळप सुरू झालं की उसाच्या ट्रॉल्या आणि चेपलेले ट्रॅक्टर येतात, एरवी जीपगाड्या. अशा दुकानात दिंद्रुडकडच्या एका पुढाऱ्यांनी टेम्पोवर लादून जुनी विलायती स्पोर्ट्स कार आणली. दोनच सीट, वर टप नाही, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. ही आमच्या रस्त्यांवर चालणार कशी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मागचं उजवं मडगार्ड गंजून पार जाळी झालेलं. नवीन मिळेना, म्हणून डाव्याकडे बघत बघत मी पत्रा ठोकून तसंच दुसरं बनवलं. एकच फरक राहिला. डाव्याची कड नुसती दुमडलेली होती. मी ट्रॅक्टरच्या सवयीनं कडेत तार घालून ती वळवली. लक्षात आलं तोवर रंग झाला होता.

पुढं पुढाऱ्यांनी पुण्याहून जुन्या गाड्यांचे एक जाणकार माझ्या दुकानात बोलावले. बॉनेटच्या झडपा कधी लांब झाल्या, दिव्याचं भोक कधी बोटभर सरकलं, असले कारखान्यातले बारीक बदल शोधण्यात या निवृत्त गृहस्थांचा सगळा वेळ जायचा. बॅटरी घेऊन ते गाडीशेजारी आडवे झाले. उजवी कड चाचपली आणि तिथूनच ओरडले, "अहो, ही तर सुरुवातीची, तारेची कड! नंतर ती बंद झाली. एका बाजूला जुना पत्रा, दुसऱ्या बाजूला नवा. ऐन बदलाच्या वेळी बनलेली गाडी आहे ही! फार दुर्मीळ!"

"साहेब, ते मडगार्ड तर मी..."

"गप बे," पुढारी म्हणाले. "मोठी मान्सं बोलायलीत, दिसंना का?"

पण पुढारी फोन घ्यायला बाहेर गेले, तेव्हा राहवलं नाही. म्हणालो, "साहेब, रागावू नका. ती तार म्याच घातली हाय. चुकून."

ते समजूतदारपणे हसले. "असं? मग दाखवा बरं करून."

मी त्यांच्यासमोर पत्र्याचा तुकडा कापला, तार ठेवली, हातोडीनं कड वळवून दिली. त्यांनी ती भिंगाखाली धरली, गाडीच्या कडेशी ताडून पाहिली, बराच वेळ पाहिली.

"हात चांगला आहे तुमचा," ते म्हणाले. "पण ती कारखान्याची सफाई यात नाही."

स्वतःच्याच कामापुढे कमी पडल्याचं वाईट वाटावं की बरं, ते मला कळेना. मी मान डोलावली.

गाडी आता पुढाऱ्यांच्या दारात कापडाखाली असते. मध्यंतरी तिच्या उजव्या बाजूला थोडं खरचटलं, म्हणून मी आपणहून गेलो. पुढाऱ्यांनी मला लांबच थांबवलं.

"तू न्हाई हात लावायचा," ते म्हणाले. "ओरिजनल हाय ते. पुण्याहून मानूस येनार हाय."